फोटोची पाठ

४ जून

प्रिय ताई,

नमस्कार. फोनवर तू "बरं, ठेवते" म्हणून दोन वाक्यांत मोकळी होतेस, म्हणून हे पत्र. मास्तराचा हात आहे, खडू सुटला तरी शाई सुटत नाही.

बातमी अशी, की या वयात मी पुन्हा विद्यार्थी झालो आहे. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी क्लास भरतो. फोटो लाकडाच्या फळीवर चिकटवायचा, मग त्यावर व्हार्निशचे हात देत जायचं, की शेवटी फोटो कुठे संपला आणि लाकूड कुठे सुरू झालं हे बोटालाही कळू नये. डेकूपाज म्हणतात त्याला. शिकवणाऱ्या बाई माझ्या निम्म्या वयाच्या, पण छडीशिवाय दरारा. पहिल्या दिवशी मी इतका डिंक ओतला की शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा फोटो घसरत घसरत फळीच्या काठाशी आला. बाई म्हणाल्या, "आजोबा, तुमचं कुत्रं फिरायला निघालं." सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावरचा विद्यार्थी असण्यात काय सुख असतं, ते मला सत्तरी उलटल्यावर कळलं.

सूनबाईंना व्हार्निशचा वास सोसत नाही, म्हणून माझा संसार गॅलरीत मांडला आहे. ही गेल्यापासून संध्याकाळी बोलायला कोणी नसतं. एक फळी घासतो, दुसरी वाळते, आणि मी शाळेतल्या कविता चालीवर म्हणत बसतो. लाकडाला चाल कळते, ताई. घासताना यती बरोबर जागी पडतो.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आमचं प्रदर्शन आहे. प्रत्येकाने आपलं उत्तम काम मांडायचं. माझ्या मनात एकच चित्र आहे. तुझ्याकडे आपला स्टुडिओतला फोटो आहे ना, मागे रंगवलेल्या बागेचा पडदा असलेला. बाबा काठीवर हात ठेवून उभे. आई खुर्चीत, धाकटा तिच्या मांडीवर. आणि मी, पाठांतरात पहिला आल्याच्या ऐटीत, छातीशी कवितांचं पुस्तक धरून. त्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर होतं आणि आत गवताचा वास. आपलं अख्खं घर एका चौकटीत आलेलं तेवढं एकदाच. तू तेव्हा कुठे होतीस ते आठवत नाही. खेळायला गेली असशील.

पाठवशील? काम झालं की परत करतो.

तुझा,
कविराज

---

१५ जून

कविराज,

पत्र पोचलं. तुझ्या सुनेचं नाक शाबूत आहे, हे वाचून बरं वाटलं.

फोटो रजिस्टरने पाठवते आहे. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून चारी बाजूंनी टाके मारले आहेत. कात्रीने सावकाश उसव, ओढू नकोस. इतकी वर्षं तो शिलाई मशीनच्या खणात होता. खण उघडला की आधी तो दिसतो, मग सुया. देऊ नये असंच वाटत होतं. पण तुला नाही म्हणायची सवय मला कोणी लावलीच नाही.

आता नीट वाच. फोटो उलटा करून बघ. पाठीवर आईच्या हातचं लिहिलेलं आहे. आयुष्यात तिने कागदावर लिहिलं ते तेवढंच. समोरची बाजू तुम्हा सगळ्यांची आहे, मागची माझी. माझ्याकडे आईचं दुसरं काही नाही. दागिने धाकट्याच्या शिक्षणात गेले, भांडी तुझ्याकडे आली, त्याबद्दल मी कधी तोंड उघडलं नाही. हे मात्र मला परत हवं.

तुला काय रंगरंगोटी करायची ती दुकानातून नक्कल काढून कर. फोटो जसाच्या तसा पाठव. पुढून आणि मागूनही.

मी खेळायला गेले नव्हते. ते राहू दे.

ताई

---

९ जुलै

प्रिय ताई,

काय सांगू. काल आई माझ्याकडे बघून हसली.

क्रमाने सांगतो. तुझे टाके उसवले, फोटो हातात घेतला आणि उजेडाला धरून एकेक चेहरा पाहिला. बाईंचा नियम असा, की मूळ फोटोला हात लावायचा नाही, दुकानातून प्रत काढून आणायची. मी शहाण्या मुलासारखा गेलो, प्रत काढली. पण ताई, त्या प्रतीत आई नव्हती. मूळ फोटोत तिच्या डोळ्यांत स्टुडिओच्या खिडकीचा एक इवलासा ठिपका आहे, तो प्रतीत पार विझला होता. पोपटाने म्हटलेली कविता ऐकावी तसं झालं. शब्द सगळे जागेवर, अर्थ उडालेला. मग मी ठरवलं, आईला लाकडावर न्यायचं तर आईलाच न्यायचं.

कागद जुना आणि जाड. तसाच चिकटवला तर व्हार्निशखाली त्याची कड उठून दिसली असती. म्हणून आधी तो पालथा घालून मागून ओला केला आणि बोटाच्या टोकाने हळूहळू चोळत गेलो. कागदाच्या बारीक वळकट्या सुटत जातात. जोर केला तर चेहऱ्याला भोक पडायचं, कमी केला तर काहीच निघत नाही. शेवटी हातात राहिलं ते कांद्याच्या सालीइतकं पातळ, नुसती छाया. ती फळीवर ठेवली, मऊ फडक्याने मधून कडेकडे हवा काढली, दुसऱ्या दिवशी व्हार्निशचा पहिला हात दिला. दर दोन हातांमध्ये पॉलिश पेपर. आता फळीवर बोट फिरवलं तर नुसती काच. लाकडाची एक रेघ आईच्या खांद्यावरून पदरासारखी गेली आहे. ती मी आणली नाही, आपसूक आली.

तुझी सूचना विसरलो नव्हतो. उलटा करून पाहिला. ताई, आईच्या हातचं कसं असेल? आई अंगठा लावायची. मोठ्या शाळेत माझं नाव घातलं तेव्हा तिने शाईत बुडवलेला अंगठा मी या डोळ्यांनी पाहिला आहे. पाठीवर पेन्सिलीच्या रेघोट्या होत्या, एकीला शिरोरेघ नाही, एक अक्षर सरळ उभं नाही. मी आयुष्यभर पोरांच्या पाट्या तपासल्या. हे स्टुडिओवाल्याच्या एखाद्या कार्ट्याने गिरबटलेलं असणार. एका जागी 'घरी' असं काहीसं लागलं, बाकी नुसती गिचमीड. तू ते इतकी वर्षं आईचं म्हणून जपलंस, याचंच मला भरून आलं. आठवण ही मोठी कवयित्री असते.

आता फोटो वेगळा असा उरला नाही, तो फळीतच उतरला आहे. प्रदर्शन झालं की फळी तुझी. कागद पिवळा पडला असता. हे टिकेल.

तुझा,
कविराज

---

१६ जुलै

पाठ कुठे आहे? त्या वळकट्यांचं काय केलंस?

ताई

---

२२ जुलै

प्रिय ताई,

तुझं दोन ओळींचं कार्ड मिळालं. नमस्कार नाही, क्षेम नाही. तू रागावली आहेस.

वळकट्या म्हणजे ओल्या कागदाचा लगदा. गॅलरीतल्या मोरीत हात धुतला, जाळीवर थोडा अडकला होता तो काढून टाकला. दुसरं काय करणार होतो? त्यात काही वाचण्यासारखं राहिलं नव्हतं.

तुझ्या सूचनेकडे मी दुर्लक्ष केलं असं म्हणू नकोस. मी पाहिलं, विचार केला आणि मग केलं. आई लिहीत नव्हती ही गोष्ट काही मी आज शोधून काढलेली नाही. निवृत्तीच्या समारंभात मी 'अंगठा' ही कविता म्हटली होती, तेव्हा तू पहिल्या रांगेत बसली होतीस.

अंगठ्याच्या ठशामध्ये माझी माय मावते,
अक्षरांची सारी शाळा तिच्या पायी धावते.

मुख्याध्यापकांनी डोळे पुसले होते. तू तेव्हा काही बोलली नाहीस. खोटं होतं तर तेव्हाच सांगायचं.

बरं, समजा तुझंच खरं. समजा ते आईचं होतं. मग काय लिहिलं होतं ते मला सांग. मी टाकाने, वळणदार अक्षरात, फळीवर लिहून देतो. वरून व्हार्निशचा हात. मग ते कधीच पुसलं जाणार नाही.

गॅलरीत आज फळी उन्हाला ठेवली आहे. धाकट्याला तिचा फोटो मोबाईलवर पाठवला. तिकडून त्याने अंगठा वर केलेलं चित्र धाडलं. बघ, अंगठा आपल्या घरातून जात नाही.

तुझा,
कविराज

---

३० जुलै

कविराज,

तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तरी सांगते, म्हणजे नंतर ताई काही बोलली नाही असं व्हायला नको.

फोटोच्या दिवशी मीही वेणी घालून तयार होते. बाबा दारात चपला घालत होते, तेवढ्यात आठवलं की नळाला पाणी यायची वेळ झाली. त्या दिवशी भरलं नसतं तर दोन दिवस घरात थेंब नव्हता. बाबा म्हणाले, "मोठी थांबेल." कोणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. तुम्ही चौघं गेलात. मी पिंप भरलं, हंडे भरले, मग वेणी सोडली.

तुझ्या छातीशी आहे ते पुस्तक माझं होतं. माझी शाळा चौथीला सुटली आणि पुस्तक तुझं झालं. वर्तमानपत्राचं कव्हर मी घातलं होतं. गवताचा वास यायचा तोही माझ्यामुळे, मी पानापानांत पातं ठेवायची. पुस्तक तुझ्याकडे गेल्यावर मला जेवढं आठवत होतं तेवढं मी दुपारी स्वयंपाकघराच्या फरशीवर कोळशाने लिहायची. आई भांडी घासता घासता बघायची. एक दिवस तिने हातातली राख झटकली आणि कोळसा उचलला. रोज चार अक्षरं व्हायची, तुम्ही यायच्या आत फरशी पुसायचो. शिरोरेघ मी तिला शिकवली नाही, कारण रेघ ओढायला लागली की तिचा हात अक्षरावरून घसरायचा. मी म्हटलं, राहू दे, छप्पर नसलं तरी घर असतं.

तुझ्या शाळेतल्या अंगठ्याचं सांगते. कारकुनाने काही न विचारता शाईची डबी तिच्यापुढे सरकवली. घरी आल्यावर मी विचारलं, सही का नाही केलीस? ती म्हणाली, "पोरगं एवढ्या मोठ्या शाळेत चाललंय, तिथं माझं वाकडं अक्षर कशाला?" तू त्या अंगठ्यावर टाळ्या मिळवल्यास. मी पहिल्या रांगेत बसून काय बोलणार होते? तुझा समारंभ होता. तिथेही माझी थांबायचीच पाळी होती.

फोटो आला तेव्हा तिने मला मोरीपाशी बोलावलं, तुझ्या दप्तरातली पेन्सिल घेतली आणि मागे लिहिलं. लिहिताना जीभ बाहेर काढली होती, लहान मुलासारखी.

आम्ही चौघं. पाचवी घरी.

एवढंच. त्या फोटोत मी तेवढीच होते. म्हाताऱ्या बोटाने चोळून तू मला मोरीत सोडलंस. तुला 'घरी' वाचता आलं होतं. तिथे थांबला असतास तरी चाललं असतं. समोरची बाजू मोबाईलवर तिकडे धाडलीस, एकदा पालथा करून टिपला असतास तर? नाही सुचलं. आपल्या घरात फोटोची एकच बाजू असते.

लिहून देतोस म्हणालास. नको. तुझं अक्षर चांगलं आहे, पण ते तुझं आहे. फळीही तुझ्याकडेच ठेव.

ताई

---

२४ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. सूनबाईंनी विचारलं तर डोळ्यांत व्हार्निश गेलं म्हणालो. किती दिवस गॅलरीकडे फिरकलो नाही. माझ्या पुस्तकात ते पातं असायचं. मला वाटायचं ते कवितेतूनच उगवतं.

पण नुसतं रडत बसणं हे काही प्रायश्चित्त नव्हे. मी कामाला लागलो. फळीवर उजव्या हाताला, आईच्या खुर्चीशेजारी, पडद्यावरच्या बागेचा तुकडा मोकळा होता. पुतण्याच्या लग्नातला, नवं लुगडं नेसलेल्या तुझा एक छान फोटो माझ्याकडे होता. बारीक कात्रीने तुला कापून काढलं. कानामागची बट कापताना श्वास धरून ठेवला होता. वरचं व्हार्निश घासून खडबडीत केलं, तुला तिथे बसवलं आणि पुन्हा हात दिले. आता तू आईशेजारी आहेस. तुझा हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर आला, जणू मुद्दाम ठेवला आहे.

खाली आईची ओळही लिहिली. तू नको म्हणालीस, पण मला राहवलं नाही. मात्र 'आम्ही चौघं, पाचवी घरी' हे आता चित्राशी जुळेना. तू तर चित्रात आलीस. म्हणून लिहिलं, 'आम्ही पाचही जण'. आईला हेच म्हणायचं असणार, ताई. मी फक्त पुरं केलं.

प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. बाई म्हणाल्या, "आजोबा, मी मूळ फोटो वापरू नका म्हटलं होतं. पण काम नजर लागण्यासारखं झालंय." लोक थांबून थांबून बघत होते. सगळ्यांना तू ठळक दिसायचीस, कारण एकटी रंगीत आहेस. एका बाईने विचारलं, "या आजी कोण? काठीवाल्यांची आई की खुर्चीतल्या बाईंची?" मी सांगितलं, त्या खुर्चीतल्या बाईंची थोरली मुलगी. ती हसली, तिला वाटलं मी थट्टा करतोय. तुझे पांढरे केस आणि आईचे काळे, त्यामुळे तसं होतं खरं. पण कवितेत काळ असाच मागेपुढे होतो.

तू नको म्हणालीस तरी फळी पाठवतो आहे. ती तुझीच आहे. आता तरी मला माफ केलं असं लिही.

तुझा,
कविराज

---

५ सप्टेंबर

कविराज,

फळी मिळाली. बैल गेला आणि झोपा केला, तोही रंगवून.

आईशेजारी उभी असलेली ती म्हातारी मी बराच वेळ बघितली. तिला कोणी बोलावलेलं नाही हे तिच्या तोंडावर दिसतं. लग्नात जेवणाच्या पंक्तीकडे बघत उभी होते तेव्हा कोणीतरी तो फोटो काढला होता, म्हणून नजर बाजूला आहे. आई समोर बघते, मी दुसरीकडेच. आईपेक्षा म्हातारी होऊन तिच्या फोटोत जायचं मला नव्हतं. मी घरी होते. तिला ते माहीत होतं, आणि माहीत आहे हे तिने लिहून ठेवलं होतं. तू तिचं वाक्य पुरं केलंस म्हणतोस. ते पुरं होतं. आयुष्यात एकच लिहिलं तिने, तेही तू मास्तरासारखं तपासून परत दिलंस.

एक दिवस मशीनचं तेल लावून पाहिलं, मग पॉलिश पेपर आणला. तुझी ओळ तरी निघावी म्हणून. निघत नाही. व्हार्निश चांगलं दिलं आहेस.

मग फळी पालथी घातली. मागचं लाकूड कोरं होतं. कोळसा आता मिळत नाही, शिवणाची पेन्सिल घेतली आणि आईसारखं लिहायला बसले. शिरोरेघ न देता, वाकडं, हात थरथरवून. चारदा लिहिलं आणि चारदा पुसलं. माझंच अक्षर येतं. तिचं येत नाही.

माफीचं विचारलं आहेस. शोधते आहे, सापडली तर कळवीन. पण आता पुन्हा काही मागू नकोस. खणात सुयाच राहिल्या आहेत.

फळी वाया गेलेली नाही. माझ्या पिंपाचं झाकण मोडलं होतं, माप बरोबर बसलं. तुमचे चेहरे खाली, कोरी बाजू वर. खालून वाफ धरते, थेंब जमतात, पण तुमच्यापैकी कोणाला काही होत नाही. तू म्हणालास तसं टिकेल.

नळाची घरघर सुरू झाली. पाणी आलं. भरायला हवं.

ताई